लक्ष्मीबाई वाचल्यावर

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हे पुस्तक वाचून किती घरांत आठवणींच्या वह्या उघडल्या गेल्या असतील, कोण सांगणार? बहुतेक वह्या छापखान्यापर्यंत गेल्या नाहीत. त्या ट्रंकेत राहिल्या, नाहीतर रद्दीत गेल्या. हे पुस्तक वाचून लिहावंसं वाटतं ते साहजिक आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर नवऱ्याकडून वाचायला शिकलेली बाई बोलते तसं लिहीत जाते आणि मराठीतलं एक थोर आत्मचरित्र उभं राहतं. वाचणारीला वाटतं, मग आपण का नाही लिहायचं?

खालचं बोलणं अशाच एका वहीवरून झालेलं आहे. भावजयीनं सासूच्या आठवणी लिहिल्या. सासू म्हणजे नणंदेची आई; वडिलांना नणंद अण्णा म्हणतात, भावजय मामंजी. नणंद थोरल्या, इतिहासाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. 'स्मृतिचित्रे' दोघींच्याही आवडीचं, पण त्यातून काय घ्यायचं याबद्दल दोघींची मतं अगदी वेगळी. दोघींच्या इच्छेवरून नावं गाळली आहेत.

नणंद : वही वाचली. रात्री एका बैठकीत संपवली. पण मला एक सांग, यात आई कुठे आहे?

भावजय : असं काय म्हणता वन्सं? पहिल्या पानापासून त्याच तर आहेत.

नणंद : नाव तिचं आहे. बोलते मात्र लक्ष्मीबाईंसारखी. अण्णा काही बोलले की हिचा टोला तयार. आपली आई अशी होती का? अण्णांचा आवाज चढला की पदर खोचायची आणि चुलीपुढे जाऊन बसायची. मग दोन दोन दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

भावजय : तुम्ही त्यांना तरुणपणी पाहिलंत. मी 1978 साली या घरात आले तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. मामंजी गेल्यावर तर त्यांना बोलायला सुचायला लागलं. माझ्याशी त्या बोलायच्या, आणि खूप हसायच्या. मी ऐकलं तेच लिहिलंय.

नणंद : ऐकलंस तेच लिहिलंस, हे मी नाकारत नाही. पण ऐकताना तुझ्या कानात दुसरीच बाई बसलेली होती.

भावजय : तिच्यामुळेच तर मी ऐकायला लागले. हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांना वाचता येईना. दुपारी भांडी आवरली की मी 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायची. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याच्या, म्हणजे टिळकांच्या, हाती पैसा टिकत नाही, घरात आहे-नाही ते बघायचं नाही आणि समोर आलेल्याला देऊन टाकायचं, असं कुठे आलं की आई पोट धरून हसायच्या. एकदा अशाच हसल्या आणि म्हणाल्या, 'आमच्या पाटल्या अशाच गेल्या.' मी पुस्तक मिटलं. कोणत्या पाटल्या, कधी गेल्या, मला काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

नणंद : पाटल्यांचं मला ठाऊक आहे.

भावजय : मला नव्हतं ना! त्या दिवशी मेथी निवडता निवडता त्यांनी सगळं सांगितलं. मामंजी मित्राला जामीन राहिले, मित्र बुडाला आणि मामंजींनी न विचारता पाटल्या मोडल्या. आईंना कळलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पंचमीला संगमनेरला माहेरी गेल्या आणि परतल्या त्या थेट दिवाळीला. आता सांगा, लक्ष्मीबाई वाचल्या नसत्या तर हे बाहेर आलं असतं का? आवडता लेखक आपल्यासाठी हेच करतो. आपल्या घरातही असं काही असेल ही शंका तो मनात घालतो. तोवर आपल्याला वाटत असतं की सांगण्यासारखं जे घडतं ते दुसऱ्यांच्या घरी.

नणंद : तिथवर माझं तुझ्याशी भांडण नाही. 'स्मृतिचित्रे'सुद्धा अशीच सुरू झाली. टिळक 1919 मध्ये गेले. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. कोणीतरी विचारावं लागतं, हे खरं. पण विचारून उत्तर मिळालं की पुस्तक बाजूला ठेवावं. तू ते उशाशी घेऊन लिहायला बसलीस.

भावजय : त्यात वाईट काय झालं? गाणं शिकणारी मुलगी आधी गुरूच्या गळ्यासारखंच गाते.

नणंद : मुलगी रियाझ करताना तसं गाते, मैफिलीत नाही. आणि तू कोणाच्या गळ्यात सूर घालते आहेस? माझ्या आईच्या. म्हणून मी बोलते. वहीतलं ते संगमनेरचं पान काढ बघू. अण्णा भाकरी थापायला बसतात, पिठात पाणी जास्त होतं, मग पाण्यात पीठ जास्त होतं, शेजारची काकू खिडकीतून बघून हसते. हे कुठून आणलंस?

भावजय : आईंनी सांगितलं. त्यांना काकूंनी सांगितलं असेल.

नणंद : आईनं ते तीसेक वर्षांनी सांगितलं, हसून. त्या श्रावणात आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं. मी दुसरीत होते. पंचमीला जाते, मेंदी काढून येते, असं मला सांगून ती गेली. तुझा नवरा तेव्हा अंगावर पीत होता, त्याला घेऊन गेली. मला मागे ठेवलं. शाळा बुडेल म्हणून.

भावजय : तुम्हाला मागे ठेवलं होतं?

नणंद : तिनं हे सांगितलं नाही तुला?

भावजय : नाही. मला वाटलं दोन्ही मुलं बरोबर होती. वहीत मी तसंच लिहिलंय.

नणंद : वाचलं मी ते. दोन मुलांची बोटं धरून ती एस.टी.त चढते म्हणून. माझं बोट कोणी धरलेलं नव्हतं. शेजारच्या काकू सकाळी वेणी घालून द्यायच्या. त्या इतकी घट्ट घालायच्या की दिवसभर कपाळ ओढायचं. शनिवारी अण्णा स्टँडवर जायचे, संगमनेरहून येणारी गाडी बघायला. परत यायचे ते एकटे. आई कुठे आहे, का येत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाकरी करपायची, ते खरं आहे. अण्णा करपलेला भाग स्वतः खायचे आणि मधला मला द्यायचे.

इथे दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत असं मला सांगण्यात आलं. तेवढ्यात मी माझं मत नोंदवून घेतो.

'स्मृतिचित्रे'तला विनोद सर्वांच्या लक्षात राहतो, आणि लिहिणाऱ्यांना तोच उचलावासा वाटतो. पण तो कशावर उभा आहे ते बघायला हवं. पुस्तकाच्या आरंभी वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं. मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही, इथवर ते गेलेलं. वाचताना हसू आवरत नाही. परंतु लक्ष्मीबाईंनी त्याआधी सांगून ठेवलेलं असतं की 1857 च्या धामधुमीत आईचे वडील फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर हे वेड घरात शिरलं. म्हणजे आपण हसतो ते एका भेदरलेल्या माणसाला. लक्ष्मीबाई भीती लपवत नाहीत आणि हसूही दाबत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरच्या ताटातुटीची पानं पुन्हा काढून वाचावीत. तिथे विनोद जवळजवळ थांबतो. ही बाई सरसकट विनोदी लिहीत नाही. जिथे त्या वेळी श्वास कोंडला होता तिथे तीस वर्षांनी लिहितानाही तो कोंडतो. अनुकरण करणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं. खटका, चुरचुरीत वाक्य, नवऱ्याची फजिती हे सगळं उचलता येतं. कुठे थांबायचं हे मात्र आपापल्या घरच्या दुःखाकडूनच कळतं.

नणंद : लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या तेव्हा देवदत्त त्यांच्याजवळ होता. म्हणून तुला वाटलं, आईजवळही मुलं असणार. तू खोटं लिहिलेलं नाहीस. आई जिथे गप्प बसली ती जागा तुझ्या मनानं लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून भरून घेतली. इतिहासात आम्ही याला फार भितो. साधन नसेल तिथे लेखक आपल्या आवडीचं काहीतरी आणून बसवतो, आणि वाचणाऱ्याला सांधा दिसत नाही.

भावजय : पण मग लिहायचंच नाही का? साधन, पुरावा, दाखला असं करत बसलं तर घरातल्या बायकांबद्दल एक ओळ लिहून होणार नाही. आईंच्या नावावर काय आहे? रेशनकार्ड, मतदार यादी आणि हिशेबाच्या वह्या. पाटल्या मोडल्याची नोंद त्या वह्यांतही नाही, मी शोधली.

नणंद : नसणारच. हिशेब अण्णांना दाखवावा लागायचा.

भावजय : म्हणून तर आठवण लागते! लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातही सन-तारखा पुढेमागे झालेल्या असतील. त्यांनी काय रोजनिशी समोर ठेवून लिहिलं? नातवानं, अशोक देवदत्त टिळकांनी, नंतर टिपांसह आवृत्ती काढली, बारकावे तपासले. पण आधी आजीनं बेधडक लिहिलं म्हणून नातवाला तपासायला काही मिळालं. मी लिहिते. तुम्ही टिपा द्या.

नणंद : टिपा? पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, 'लेखिकेच्या नणंदेस मागे ठेवण्यात आले होते'?

भावजय : मला तसं म्हणायचं नव्हतं हो.

नणंद : ठाऊक आहे. पण बघ, आठवणी लिहिणाऱ्याला वाटतं आठवण आपली. ती एकट्याची नसते. त्या पानावर आई आहे, अण्णा आहेत, मी आहे. तिघांपैकी तुला एकीनं सांगितलं, तेही अर्धं. त्यापेक्षा नावं बदल आणि कथा लिही. प्रकाश नारायण संतांनी काय केलं? मूळ नाव भालचंद्र दीक्षित. इंदिरा संतांचा मुलगा, आजी-आजोबांकडे दत्तक गेला. 'वनवास' 1994 मध्ये पुस्तकरूपात आलं, त्यात लंपन आजी-आजोबांकडेच राहतो. आईपासून दूर राहणाऱ्या मुलाचं मन इतकं खरं मराठीत दुसरीकडे क्वचित सापडतं. पण त्या मुलाला नाव लंपन दिलं. कोणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही.

भावजय : लंपन मलाही आवडतो. पण संतांनी स्वतःचं बालपण लिहिलं, त्याचं काय करायचं हा त्यांचा हक्क. माझ्या हातात दुसऱ्या बाईचं आयुष्य आहे. त्यांचं नाव काढून टाकलं की त्यांच्याकडे उरलं काय? जन्मभर त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, मग आजी. निदान वहीत तरी नाव राहू दे.

नणंद : हं. हे मला पटतं.

भावजय : मग?

नणंद : मग दुसरं विचारते. तुला सांगितलं, पण छापायला सांगितलं होतं का तिनं? मेथी निवडताना बोललेली गोष्ट. ती सुनेशी बोलत होती, वाचकांशी नाही.

भावजय : परवानगीचा विचार केला असता तर मराठीतली निम्मी आत्मकथनं झाली नसती. बेबीताई कांबळ्यांनी फलटणकडे दुकान सांभाळत 'जिणं आमुचं' लिहिलं आणि घरच्यांच्या नजरेआड कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

नणंद : बेबीताईंनी स्वतःचं आणि स्वतःच्या समाजाचं जिणं लिहिलं. मार खाणारी तीच आणि लिहिणारीही तीच. तिला कोणाची परवानगी लागत नाही. तू सून आहेस. आईनं सोसलं, मी सोसलं, आणि लिहिणार तू. फरक आहे की नाही?

भावजय : आहे. पण वन्सं, तुम्ही लिहिलंत का? तुमचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवलात. 'स्मृतिचित्रे' माझ्या आधी तुम्ही वाचलं. या घरात ते पुस्तक तुमच्याच पेटीतून आलं, आतल्या पानावर तुमचं माहेरचं नाव आहे. मग तुम्हाला ते वाचून का नाही लिहावंसं वाटलं?

नणंद : वाटलं होतं.

भावजय : मग?

नणंद : लिहिलं की आईवर आरोप होईल, असं वाटायचं. लक्ष्मीबाईंचं मोठेपण काय? नवरा न सांगता धर्म बदलतो, घर उघड्यावर पडतं, लोक काय काय बोलतात. इतकं झाल्यावर ही बाई त्याच्याविरुद्ध फिर्याद लिहू शकली असती. तिनं तसं केलं नाही आणि त्याला देवही केलं नाही. रमाबाई रानड्यांचं 1910 चं पुस्तक घे. सुंदर आहे, पण नवऱ्याकडे मान वर करून पाहिलेलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे समोरासमोर बघतात. त्यांचा राग दिसतो, आणि त्यांचं प्रेम त्या रागातूनच दिसतं. ते वाचलं की मला वाटायचं, माझ्याकडे फक्त फिर्याद आहे. समोरासमोर बघण्याइतकी मी आईपुढे मोठी झालेली नाही. म्हणून नाही लिहिलं. आवडता लेखक माणसाला लिहितं करतो असं तू म्हणतेस. मला त्यानं गप्प केलं. तेही होतं.

भावजय : अजूनही फिर्यादच आहे का?

नणंद : परवा तुझी वही वाचीपर्यंत होती. पाटल्यांचं मला कळलं होतं ते मोठेपणी, आत्याकडून, आणि आत्यानं सगळा दोष आईच्या रागीटपणावर ढकलला होता. अण्णांनी न विचारता मोडल्या, हे तुझ्या वहीत पहिल्यांदा वाचलं. म्हणजे ती मला टाकून गेली नव्हती. तिला जायचं होतं, आणि दोन मुलं घेऊन माहेरच्या भावजयीच्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती. एकाला घेऊन जाता आलं.

भावजय : बघा, वहीचा एवढा तरी उपयोग झाला.

नणंद : वहीचा झाला, तिच्यातल्या विनोदाचा नाही. हेच मी मघापासून सांगते आहे. तू आईचं म्हणून जे साधं सांगितलंस, ते माझ्यापर्यंत पोचलं. जे लक्ष्मीबाईंसारखं नटवलंस, तिथे मला राग आला.

भावजय : पण तुम्ही म्हणता तितकं ते सुटं करता येणार नाही. आईंनी हसत सांगितलं हेही खरंच आहे ना? म्हातारपणी त्या त्या गोष्टीवर हसू शकल्या, ही काय थोडी गोष्ट आहे? ते हसू मी टाकणार नाही. दुपारी पुस्तक ऐकताना त्या हसल्या, असं लिहीन. मामंजींना मात्र त्या श्रावणात हसवणार नाही.

नणंद : हे चालेल. हसू कोणत्या दुपारचं ते लिही आणि तिथेच ठेव. तू पुस्तक वाचून दाखवत होतीस हेही लिही. सध्या वहीत ते कुठेच नाही. लक्ष्मीबाईंचं नावसुद्धा नाही.

भावजय : मला वाटलं, दुसऱ्याच्या पुस्तकाचं आपल्या आठवणीत काय काम?

नणंद : अगं, तेच तर घडलेलं आहे! एक बाई दुपारी वाचते, दुसरी डोळे मिटून ऐकते आणि मध्येच तिच्या पाटल्या आठवते. हे तू डोळ्यांनी पाहिलेलं आहेस. याला तू साक्षीदार आहेस, मी नाही. संगमनेरला तू नव्हतीस. मेथी निवडायला होतीस. तिथून सुरू कर.

भावजय : आणि मागे राहिलेल्या मुलीचं काय? ते मी कसं लिहू? मी तिथे नव्हते, आणि आईंनी मला सांगितलं नाही.

नणंद : ते तू लिहायचं नाहीस. ते मी लिहीन.

भावजय : टीप म्हणून?

नणंद : प्रकरण म्हणून, माझ्या नावानं. तुझ्या लिहिण्याशी जुळलं नाही तर जुळवायला जाऊ नकोस. आईला माझ्या प्रकरणात एक शब्द बोलता येणार नाही, कारण ती तेव्हा घरात नव्हती. तुझ्या प्रकरणात तिला हवं तितकं बोलू दे.

भावजय : कधी द्याल?

नणंद : दिवाळीच्या आधी. आणि संगमनेरचं ते पान फाडू नकोस, फक्त काट मार. काय होतं ते मागाहून वाचता आलं पाहिजे.